शमाखीचं धृपद

या, असे पुढे सरकून बसा. खिरापत हातावर पडली की कीर्तन संपलं असं थोडंच आहे! मघाशी तुमच्यातल्याच कुणी विचारलं, की त्रिंबकराव, उभा जन्म तुम्ही धुंडिराजबुवांच्या मागे झांज घेऊन काढलात, तर तुमच्या मनात राहिलेलं कीर्तन कुठलं? सांगतो. ते आपल्या देवळात झालं नाही, की साताऱ्या-पुण्यातही झालं नाही. ते झालं रशियाच्या बादशहाच्या मुलखात, एका पडक्या कचेरीच्या अंगणात, आणि ऐकायला होते बंदुका घेतलेले शिपाई. घरी जायची घाई नसेल तर ऐका.

शमाखी गावचा सरकारी कारकून तंबूत बसला होता. तंबूच्या मागे त्याची मूळची कचेरी, म्हणजे नुसता दगडांचा ढीग. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि दौतीचं झाकण लावून टाकलं.

"तुमचा सुभाच राहिला नाही," तो म्हणाला.

"म्हणजे काय, साहेब?"

"तुम्हाला शमाखी सुभ्यात यायची परवानगी मिळाली होती. भूकंप झाला, शमाखी पडली. वरून हुकूम आला, ठाणं बाकूला न्या आणि सुभ्याचं नावही बाकूच ठेवा. शमाखी सुभा संपला. आता ज्या सुभ्यात तुम्ही आलात तो सुभा नाही, आणि जो सुभा आहे त्यात तुम्ही आलेलाच नाहीत. जो आलाच नाही त्याला जायची परवानगी मी कशी देऊ?"

तो त्या मुलखातल्या तुर्की बोलीत बोलत होता. इराणातून जाताजाता ती मला बरीच, आणि तिथे पोचल्यावर थोडी रशियनही, येऊ लागली होती. मी सगळं मराठीत बुवांना सांगितलं. बुवा खदखदा हसले.

"त्रिंबका, अरे हा तर वेदान्ती निघाला! विचार त्याला, मग आत्ता त्याच्यापुढे उभा आहे तो कोण?"

मी विचारलं नाही. मला हसू येत नव्हतं.

बुवा म्हणजे माझे मेव्हणे, थोरल्या बहिणीचे यजमान. बाकूजवळ जमिनीतून आपोआप अग्नी निघतो, तिथे मुलतानच्या सावकारांनी ज्वालाजीचं देऊळ बांधलं आहे, असं एका गोसाव्याने त्यांना सांगितलं. झालं! त्या अग्नीपुढे एक कीर्तन करीन, असं बोलून बसले. मुंबईहून गलबताने बुशहर, तिथून इराण ओलांडून पुन्हा समुद्र, आणि मग बाकू. निघताना अक्का वेशीपर्यंत आली होती. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्यांना मी अडवणार नाही. पण तू त्यांना घेऊनच ये. एकटा आलास तर माझ्या दारात येऊ नकोस." थट्टेत नव्हती बोलली.

ज्वालाजीपुढे कीर्तन झालं, मनाजोगं झालं. परतायचं म्हणून आमचे परवाने सोडवायला आम्ही वर डोंगरात शमाखीला आलो. परक्यांचे परवाने सुभ्याच्या ठाण्यात ठेवून घ्यायची तिकडची रीत. भूकंप झाला तेव्हा आम्ही बाजारात उघड्यावर होतो म्हणून वाचलो. परवाने दगडांखाली गेले. एकदा तसेच बाकूच्या वाटेला लागलो, तर पहिल्याच चौकीवरून दोन घोडेस्वारांनी गुरं वळवावीत तसं आम्हाला परत आणून सोडलं. उन्हाळा गेला, द्राक्षं संपली, डोंगरावरून बोचरं वारं सुटलं. अधूनमधून जमीन अजून हलायची, आणि हलली की सगळं गाव एकदम गप्प व्हायचं. बुवांचा खोकला वाढत चालला होता. मी रोज त्या तंबूपाशी जाऊन उभा राहायचो. रोज तेच उत्तर.

आम्हाला आसरा दिला सावेलीने. सावेली गाडीवान होता, चार घोड्यांच्या झाकलेल्या गाडीतून शमाखीचं सरकारी सामान बाकूला पोचवायचा. जातीचा रशियन, पण त्यांच्या सरकारी देवळाला न मानणारा. क्रूस नाही, मूर्ती नाही, भट नाही, दारू नाही. देवळातले लोक उपास धरतात त्या दिवसांतही हे दूध पितात, म्हणून त्यांना नाव पडलं मोलोकान, म्हणजे दूधवाले.

"दूधवाले?" बुवांचा चेहरा उजळला. "मग गोकुळातच आलो की आपण!"

सावेलीची बायको उल्याना कासंडीभर दूध बुवांपुढे ठेवायची आणि ते संपेपर्यंत कमरेवर हात देऊन उभी राहायची. "पी, आजोबा. वाऱ्याने उडून गेलास तर कारकून म्हणेल, तू आलाच नव्हतास."

सावेलीला एकदा मी विचारलं, की तुम्ही इथे कसे आलात? तो घोड्याचा पट्टा शिवत होता.

"आलो कसले! बापाला बेड्या घालून आणलं. धर्म बिघडवणारे लोक रशियात नकोत म्हणून इकडे, दुनियेच्या टोकाला. तेव्हा या मुलखाला शिर्वान म्हणत, कुण्या खानाचा होता. मग कास्पियन प्रांत झाला. मग शमाखी सुभा. आता बाकू. आम्ही इथून हललेलो नाही. आमच्यावरून नावंच जातात, ढग जावेत तशी."

"आणि तुम्हाला कुठे जायचं असेल तर?"

"आम्हाला?" तो हसला. "माझी गाडी बाकूपर्यंत जाते. पुढे पाणी आहे."

रविवारी दुपारी त्याच्या घरी सभा भरायची. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा अंगावर काटा आला. बाकं मांडून चौकोनात माणसं, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, मध्ये मेजावर भाकरी आणि मीठ. एकजण पोथीतली ओळ भरभर बोलून दाखवी आणि बाकीचे ती ओळ उचलून लांबवत नेत, इतकी लांबवत की उल्याना म्हणे, तेवढ्यात घोडा पाणी पिऊन येतो. गाणं झालं की एखादा म्हातारा उठून त्या ओळीवर बोले. मग पुन्हा गाणं. बुवांनी माझा हात धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"त्रिंबका, अरे हे कीर्तनच आहे. फक्त बसून करतात."

पुढच्या रविवारी त्यांनी बुवांना म्हटलं, आजोबा, तुमचं गा. बुवा उभे राहिले, चिपळ्या घेतल्या, मी मागे झांज घेऊन. त्यांनी आख्यान लावलं तळ्यात पाणी प्यायला उतरलेल्या हत्तीचं, ज्याचा पाय मगरीने धरला आणि सोडला नाही. बुवा मराठीत सांगत, मी तुर्कीत, सावेली रशियनमध्ये; मगर तीन भाषांतून यायची, पण सोंड वर करून हत्ती ओरडायचा तो बुवाच करायचे आणि बायका डोईच्या रुमालाचं टोक तोंडाला लावायच्या. धृपद बुवांनी तिथेच जुळवलं होतं. ते म्हणायचे, "सोड म्हणता सुटेना रे," आणि मी मागून उचलायचो, "धाव नारायणा."

तुम्ही कीर्तनाला बसणारी माणसं, तुम्हाला सांगायला नको, तरी सांगतो. धृपद उचलणं हे मागच्याचं काम. पण रंग चढला की बुवा ओळ अर्धी सोडतात आणि हात वर करतात. मग मागच्याने गप्प राहायचं. ती अर्धी ओळ सभेची. ती सभेने दिली नाही तर बुवा पुढे जात नाहीत, तसेच उभे राहतात. त्या दिवशी बुवांनी हात वर केला आणि दूधवाल्यांनी, अर्थ न कळता, ओळ अशी उचलली की छपराची माती खाली पडली.

त्या आवाजांत एक आवाज खोलीतला नव्हता. फळ्यांच्या भिंतीपलीकडे तबेला होता, त्या फळ्यांमागून खर्जातला, विहिरीतून यावा तसा आवाज आला.

"पलीकडे कोण आहे?" बुवांनी नंतर विचारलं. "त्याला आत बोलावत का नाही?"

सावेलीचा चेहरा पडला. मग मला बाजूला घेऊन त्याने सांगितलं. तो येफीम, पडक्या खजिन्यावर पहारा करणारा शिपाई. सरकारी देवळाच्या धर्मातला. मोलोकानांनी आपापसांत काय गायचं ते गावं, सरकार डोळेझाक करी. पण देवळातल्या एका जरी माणसाला कुणी आपल्या सभेत ओढलं, तर ओढणारा सैबेरियात जाई. परका असो वा रशियन, त्याला सुटका नाही.

"मग तो येतो कशाला?"

"तो सभेत नाही," सावेली म्हणाला. "तो घोड्यांत आहे. शिपाई मोकळ्या वेळात घोड्यांना खरारा करायला आला, त्यात कायदा काय करणार?"

मी येफीमला एकदा तबेल्यात गाठलं. चाळिशीचा असेल, तोंडावर देवीचे वण, एका ढवळ्या घोडीच्या पाठीवरून ब्रश फिरवत होता. सरकारने फौजेसाठी उचलून नेलं तेव्हा लग्न ठरलेलं होतं म्हणाला.

"गावाने मेलेल्या माणसासाठी रडावं तसं रडून मला वाटेला लावलं. आमच्याकडे रीतच आहे ती. शिपाई झालेला माणूस परत येत नाही. नवरीसुद्धा रडली. पुढच्या वर्षी दुसऱ्याशी लग्न केलं, बरोबरच केलं." मग घोडीच्या कानाशी तोंड नेऊन त्याने हळूच म्हटलं, "धाव नारायणा." घोडीने कान हलवले. "ही शिकत नाही," तो म्हणाला, "पण ऐकते."

असेच काही रविवार गेले; दर वेळी दूधवाले हत्तीचंच आख्यान मागायचे. मग बर्फ पडलं आणि बर्फाबरोबर नव्या सुभ्याचा नवा साहेब आला, शमाखीचा उरलासुरला कारभार आवरायला. रुझेव्स्की त्याचं नाव. गोरापान, हसतमुख. कुणीतरी त्याचे कान भरले होते, की दूधवाल्यांच्या घरात हिंदुस्थानातला एक जादूगार गातो आणि एक शिपाई तिथे जातो. कोण शिपाई, ते सांगणाऱ्याला ठाऊक नव्हतं.

आम्हाला बोलावणं आलं. सावेलीला, बुवांना, मला. पडक्या कचेरीच्या अंगणात साहेब खुर्ची टाकून बसला होता. त्याने बुवांना दुसरी खुर्ची दिली, खोकल्याची चौकशी केली. मग म्हणाला, "मला गाण्याची फार आवड आहे. त्या घरात तुम्ही जे गायलात ते मला ऐकायचंय. तेच. एकट्याने ऐकण्यात मजा नाही, म्हणून श्रोते बोलावलेत."

आणि त्याने बोट केलं. भिंतीलगत ठाण्यातले सगळे शिपाई ओळीने उभे होते. तोंडातून वाफा निघत होत्या. टोकाकडून तिसरा येफीम.

सावेली ओठ न हलवता तुर्कीत पुटपुटला, "दुसरं काहीतरी गायला सांग." मी मराठीत बुवांना म्हटलं, "बुवा, हत्तीचं नको. दुसरं काहीही लावा. हा त्या शिपायाला पकडायला बसलाय."

"कुणाला?"

"तबेल्यातल्या. खर्जातल्या आवाजाला."

बुवांनी ओळीकडे पाहिलं. त्यांनी येफीमचा आवाज ऐकला होता, चेहरा कधी पाहिला नव्हता. "यांच्यातला कोण रे?"

"विचारू नका! बघूही नका तिकडे."

"साहेबाने विचारलंय, तिथे काय गायलात. कीर्तनाला उभं राहून खोटं सांगू?" मग माझा चेहरा पाहून ते मऊ झाले. "बरं, हात वर करणार नाही. धृपद तूच धर. झालं?"

मी झांज घेतली. ठरवून टाकलं, की ओळ हवेत एक श्वासभरसुद्धा राहू द्यायची नाही.

बुवा उभे राहिले. पहिल्यांदा खोकला आला, मग आवाज मोकळा झाला. "सोड म्हणता सुटेना रे," आणि मी लगेच, "धाव नारायणा." साहेबाची नजर बुवांवर नव्हतीच, ती शिपायांच्या ओठांवरून सावकाश फिरत होती, दुकानात कापडावरून हात फिरवावा तशी. पुन्हा धृपद आलं, पुन्हा मी झडप घातली. येफीम समोर बघत उभा होता, जबडा इतका घट्ट की कानाजवळ गाठ दिसत होती. मला वाटलं, निभावतंय. साहेबाने एकदा जांभईही दिली.

पण त्या दिवशी बुवा काही निराळेच गायले हो. आजवर त्या हत्तीचं त्यांनी नुसतं आख्यान सांगितलं होतं. त्या अंगणात ते हत्ती झाले. तळ्याचं पाणी कसं गार होतं, पाय कसा रुतला, सोंडेतलं कमळ कसं कोमेजून गेलं, कळपातले भाईबंद काठावर उभे राहून थकले आणि एकेक करून कसे निघून गेले. माझं भाषांतर मागेच राहिलं. डोळे मिटले, गालावरून पाणी वाहू लागलं. मला कळलं की बुवा आता कचेरीत नाहीत, रशियात नाहीत, मला दिलेला शब्दही त्यांच्या जवळ नाही.

"सोड म्हणता सुटेना रे..."

आणि त्यांनी हात वर केला.

त्या हाताचा मान मी जन्मभर राखला होता. त्या दिवशी नाही राखला. मी जीव खाऊन ओरडलो, "धाव नारायणा!" पण माझा आवाज वरचा, चिरका. बुवांचा हात तसाच वर राहिला. माझं म्हणणं त्यांनी जमेस धरलं नाही. त्यांना सभेची ओळ हवी होती. अंगणात बर्फ पडत होतं त्याचाही आवाज येईल अशी शांतता. बुवांनी पुन्हा, अगदी हळू, म्हटलं, "सुटेना रे..." आणि थांबले. हात थरथरू लागला.

तेव्हा भिंतीजवळून तो खर्ज उठला.

"धाव नारायणा."

पूर्ण, सुरात, घाई न करता.

बुवांच्या तोंडावर असं सुख पसरलं म्हणता! त्यांनी हात खाली घेतला, डोळे उघडले, आणि मग त्यांना आजूबाजूचं सगळं दिसलं.

साहेबाने हातमोजे काढून टाळ्या वाजवल्या. "फार सुंदर. पुढे ये."

येफीम दोन पावलं पुढे आला. त्याच्या आधी सावेली बोलला, "हुजूर, त्याला मी बोलावलं. मी शिकवलं."

"खोटं आहे," येफीम म्हणाला. "मला कुणी बोलावलं नाही. मी घोड्यांना खरारा करायला जात होतो."

"आणि गाणं?"

"कान काढून ठेवायचा हुकूम नव्हता, हुजूर."

"हे बघ," साहेब अगदी मायेने म्हणाला, "तुला कुणीतरी त्या घरात नेलं. या गाडीवानाने नाही तर या म्हाताऱ्याने. म्हातारा म्हण. परका आहे, तुझा कोण लागतो? नाव घे, मठात थोडं प्रायश्चित्त होईल आणि सुटशील. नाही घेतलंस तर दोष सगळा तुझा. सैबेरियातल्या पलटणीत जाशील, आणि तिथली माणसं मी परत आलेली पाहिली नाहीत. कुणी बोलावलं?"

येफीमने विचार केला. खरंच विचार केला. मला दिसत होतं. मग म्हणाला, "सावेलीकडे एक ढवळी घोडी आहे, हुजूर. तिनं."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. साहेबही हसला, आणि तेव्हा मला सगळ्यांत जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी कारकुनाने मला तंबूत बोलावलं. तो खुशीत होता. "अभिनंदन! साहेबांनी तुम्हा दोघांना बाकू सुभ्यातून हद्दपार केलंय. पहिल्या जहाजाने निघायचं. आणि हद्दपार करायचं म्हणजे आधी तुम्ही आलात हे मान्य करावं लागतं. तुम्ही आलात! सुटलात!"

इतके महिने ज्याच्यासाठी तिष्ठत होतो ते हातात पडलं, आणि मला ते धरवेना.

बुवांना सांगितलं तर ते भिंतीकडे तोंड करून पडले होते, तसेच पडून राहिले. "मी येत नाही."

"बुवा, हा हुकूम आहे."

"असू दे. हात माझा वर गेला. माझ्या हाताने एक माणूस मगरीच्या तोंडी गेला, आणि मी जाऊन ओटीवर बसू?"

"अक्काला मी काय सांगू?"

मी त्यांच्या पाया पडलो, रागावलो, नाही नाही ते बोललो. उल्यानाने दूध आणलं, ते तसंच साय धरून राहिलं. शेवटी तीच म्हणाली, "कोठडीत येफीमला भाकरी द्यायला जातेय. पहाऱ्यावर त्याचाच सोबती आहे. आजोबा, उठ. तुला बोलायचंय ते त्याच्याशी बोल, भिंतीशी काय बोलतोस?"

कोठडी म्हणजे भूकंपातून वाचलेलं एक तळघर. जमिनीलगत एक गजांची खिडकी, ती आम्हाला गुडघ्याला लागायची. आम्ही बर्फात बसलो. आतून येफीमचं तोंड वर आलं. भाकरी घेतली, उल्यानाला म्हणाला, "घोडीचा उजवा मागचा नाल ढिला आहे. सावेलीला सांग."

बुवा नुसते गज धरून बसले. म्हणून मीच विचारलं, "तुला ठाऊक नव्हतं का, तो तुलाच शोधतोय ते?"

"ठाऊक होतं. रांगेत उभं केलं तेव्हाच कळलं. दात दाबून उभा होतो. तू धावून धावून ओळ घेत होतास, बरं वाटत होतं."

"मग?"

त्याने भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "मला आजवर सगळ्यांनी हुकूम केला. उठ, बस, चाल, मार. मागितलं कुणी नाही. माझ्याजवळ मागण्यासारखं होतंच काय? त्या म्हाताऱ्याने मागितलं. हात वर करून उभा राहिला, आणि कुणी देईना. तू दिलंस ते त्याला पुरेना. हात कापायला लागला त्याचा." तो हातातल्या तुकड्याकडे बघत म्हणाला, "माझ्याजवळ होतं. मग कसा गप्प राहू?"

मी हे बुवांना सांगितलं. कसं सांगितलं ते मलाच ठाऊक. बुवांनी गजांवर कपाळ टेकलं.

"एक विचारू का?" येफीम म्हणाला. "हजेरीचा ढोल वाजला की मला दर रविवारी पळावं लागायचं. शेवट कधी ऐकला नाही. त्या हत्तीचं काय झालं?"

बुवांनी डोकं वर केलं. मला वाटलं, आता गातील. ते गायले नाहीत. साध्या बोलण्यात सांगितलं, "तो आला. नारायण आला. पायीच धावत आला, वाहन मागे टाकून. मगरीने पाय सोडला."

"म्हणजे आला."

"आला."

"पण वेळ लागला."

बुवांनी गजांवरचं बर्फ हाताने पुसलं. मग म्हणाले, "लागला. फार लागला."

"मग ठीक आहे," येफीम म्हणाला, आणि भाकरी खाऊ लागला. खाताखाता म्हणाला, "जा, आजोबा. तुमच्यासाठी गावाने रडून घेतलेलं नाही ना अजून? मग जा."

कीर्तन संपलं की हरिदासाने श्रोत्यांना भेटायचं, उराउरी लावायचं, ही आपली रीत. मध्ये गज होते. तेव्हा बुवा उठले आणि त्या चिखल-बर्फात, खिडकीसमोर, त्यांनी साष्टांग घातला. पहाऱ्यावरचा शिपाई गडबडला, "उठवा त्याला, कुणी पाहील!" बुवा स्वतःच उठले. छातीभर चिखल. मला म्हणाले, "चल."

सावेलीनेच आम्हाला बाकूला पोचवलं. सगळ्या वाटेत तो एकदाच बोलला. समुद्र दिसला तेव्हा चाबकाने दाखवून म्हणाला, "हे बघा, पाणी." त्याच्या सभा पुढे चालल्या की बंद झाल्या, मला कळलं नाही. येफीमला वसंतात सैबेरियाकडे नेलं असं एका मुलतानी सावकाराच्या तोंडून बुशहरला ऐकलं, तेवढंच.

अक्काने दार उघडलं. आधी बुवांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आत पाणी तापवायला गेली. तिला हे सारं मी कधी सांगितलं नाही. बुवांनी सांगितलं असेल.

बुवा त्यानंतर बरीच वर्षं कीर्तनाला उभे राहिले. तुम्ही ऐकलंच आहे त्यांना. हत्तीचं आख्यान लावलं की त्या ओळीला हात वर करायचे, मी गप्प राहायचो, सभा उचलायची. सगळं देऊळ म्हणून मोकळं झालं तरी बुवा हात तसाच धरून किंचित थांबायचे. लोक म्हणत, बुवा भावात गेले. मी मागे उभा असायचो, मला ठाऊक होतं. ते कान देऊन उभे असत.

त्याचं आडनाव मी विचारलं नाही. त्याच्या गावाचं नाव सांगितलं होतं, ते माझ्या जिभेवर बसलं नाही. येफीम एवढंच आहे माझ्याजवळ. त्याच्यासाठी त्याच्या गावाने एकदाच, आधीच रडून घेतलं होतं. पुढे त्याला आठवणारं तिकडे कुणी असेल असं वाटत नाही. म्हणून तुम्हाला मागतो. उद्या परवा कुठे कीर्तनाला बसाल, एखादा हरिदास ओळ अर्धी सोडील आणि हात वर करील, तेव्हा ती उचला, मोठ्याने उचला, आणि मनात येफीमचं नाव घ्या.